गेटच्या आत काय चालतं?

पत्र :

बाई, माझा मुलगा यंदा जूनमध्ये पहिलीत गेला, घराजवळच्या अनुदानित मराठी शाळेत. मी स्वतः सातारा जिल्ह्यातल्या एका वाडीवर शिकले. तिथे गुरुजी आमच्या ओसरीवर येऊन बसायचे, आई त्यांना ताक द्यायची आणि माझं शाळेत काय चाललंय ते तिथेच कळायचं. इथे गेटवर वॉचमन. पोराला सोडायचं आणि वळायचं. घरी आल्यावर विचारलं की तो म्हणतो, "काय नाय." पालकसभेला एकदा गेले, दुसऱ्या वेळी कामावरून सुट्टी मिळाली नाही. गेटवर आया बोलतात ते ऐकून आणखी धास्ती वाटते. कोणी म्हणतं, पहिलीत नापास करत नाहीत म्हणून शिकवतच नाहीत. कोणी म्हणतं, तक्रार केली तर पोरावर राग काढतात. प्रवेशाच्या वेळी 'इमारत निधी' म्हणून ३,००० रुपये घेतले, पावती दिली नाही. आधार कार्डासाठी सारखे निरोप येतात. ओळखपत्रावर त्याच्या वडिलांचं नाव चुकलंय, ते सांगायचं कोणाला हेही कळत नाही. आणि डबा रोज अर्धा परत येतो. शाळा आतून चालते तरी कशी, हे आम्हाला कोणी नीट सांगेल का?
– एक आई, भांडुप

उत्तर :

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गिरणगावातल्या एका मराठी शाळेत मी ३१ वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची ९ वर्षं मुख्याध्यापिका म्हणून. इतक्या सरळ शब्दांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. पहिल्या पालकसभेत आम्ही वह्यांना खाकी कव्हर घाला, रुमाल पिनेने लावा, डब्यात वेफर्स देऊ नका, हे सगळं सांगतो. शाळेत कोणती गोष्ट कोणाच्या हातात असते, हे मात्र सांगायचं राहून जातं. मग पालक गेटवर उभ्या असलेल्या दुसऱ्या पालकाला विचारतात, आणि त्यालाही ते कोणी सांगितलेलं नसतं.

तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तुम्ही अगदी सहज लिहून गेलात : ओळखपत्रावर वडिलांचं नाव चुकलंय. आधी ते घ्या. ओळखपत्र प्लास्टिकचं, उद्या दुसरं मिळेल. पण ते नाव कुठून उतरवलं, हे बघायला हवं. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर नावाची एक जाडजूड वही असते. मूल दाखल झालं की त्याचं नाव, आईवडिलांची नावं, जात, जन्मस्थळ आणि जन्मतारीख आकड्यात नि अक्षरात तिच्यात लिहिली जाते. पुढे बोनाफाईड, म्हणजे मूल या शाळेत शिकतं असा दाखला, मिळतो तो त्या नोंदीवरून, शाळा सोडल्याचा दाखला मिळतो तोही त्याच नोंदीवरून, आणि दाखल्यावर जे असतं तेच सरकत सरकत दहावीच्या गुणपत्रिकेपर्यंत जातं. माझ्याकडे तिशीतले बाप्ये आडनावातल्या एका वेलांटीसाठी खेटे घालताना मी पाहिलेत. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती होते. तुम्ही जन्मदाखला आणि वडिलांचा पुरावा जोडून अर्ज द्यायचा. मुख्याध्यापकांना रजिस्टरमध्ये स्वतःच्या मनाने खाडाखोड करता येत नाही, त्यामुळे गरज असेल तिथे ते प्रस्ताव वर पाठवतात. शाळा सोडल्यावर हेच काम फार अवघड होऊन बसतं. तेव्हा ऑफिसात जाऊन क्लार्कना एवढंच म्हणा, "जनरल रजिस्टरमधली माझ्या मुलाची नोंद मला एकदा दाखवता का?" ही मागणी रास्त आहे, आणि चांगला क्लार्क ती आनंदाने पुरी करतो, कारण पुढचा त्याचाच त्रास वाचतो.

आता शाळेतली माणसं. तुमची शाळा अनुदानित आहे, म्हणजे ती चालवते एक खासगी संस्था आणि मान्य शिक्षकांचे पगार येतात सरकारी अनुदानातून. मुंबईत अशा प्राथमिक शाळांवर देखरेख महापालिकेच्या शिक्षण विभागाची असते. महापालिकेच्या स्वतःच्याही शाळा आहेत, मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा आठ भाषांतून शिकवणाऱ्या. त्या शाळांतल्या मुलांना मिळतात त्या २७ शालोपयोगी वस्तू, म्हणजे दप्तर, छत्री, बूट वगैरे, तुमच्या मुलाला मिळत नाहीत, यावरून गेटवर नेहमी कुजबुज असते. शाळेने त्या दाबून ठेवलेल्या नसतात. दोन्ही शाळांचा मालक वेगळा आहे, एवढाच तो मामला.

संस्थेचे पदाधिकारी तुम्हाला फारसे दिसणार नाहीत. इमारत, भाडं, देणग्या, नेमणुका हे त्यांचं काम. शाळेचा रोजचा गाडा मुख्याध्यापिका हाकतात : वेळापत्रक, शिक्षकांची रजा, पोषण आहार, सरकारी माहिती भरणं, आणि भांडणं मिटवणं. पण तुमच्या मुलाचं वर्ष खरं कोणाच्या हातात असेल तर ते वर्गशिक्षिकेच्या. अक्षर, अंक, शू लागल्यावर सांगण्याचं धाडस, शेजारच्या मुलाने चिमटा काढला तर काय करायचं, सगळं त्यांच्यापाशी. शिवाय मावशींना विसरू नका. पहिलीतलं मूल रडलं की आधी मावशींच्या पदराला जाऊन बिलगतं. मुलगा खरंच कसा आहे, हे मावशी तुम्हाला जिन्यात दोन वाक्यांत सांगतील.

वर्गशिक्षिकेला भेटायची वेळ मात्र सांभाळा. शाळा भरताना गेटवर त्यांना गाठू नका. त्या वेळी त्यांच्या मागे चाळीस मुलांची रांग असते आणि डोकं परिपाठाकडे असतं. तिथे मिळालेलं उत्तर तुटकच असणार, आणि तुम्ही ते मनाला लावून घेणार. डायरीत लिहा : "मला दहा मिनिटं भेटायचं आहे, शनिवारी किंवा शाळा सुटल्यावर, आपल्याला सोयीचं असेल तेव्हा." मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता आणि प्रगती पालकांना नियमित भेटून सांगणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या २४व्या कलमात शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. पालकसभा चुकली म्हणून मान खाली घालू नका. दुपारी तीनची सभा ठेवून धुणीभांडी करणाऱ्या, मॉलमध्ये उभ्या राहणाऱ्या बायकांनी यावं, ही अपेक्षा आम्ही वर्षानुवर्षं केली. ती आमची चूक होती. शेवटची काही वर्षं मी एक सभा शनिवारी आणि तीच सभा पुन्हा रविवारी सकाळी घ्यायला लागले, तेव्हा बापही यायला लागले.

आता "नापास करत नाहीत म्हणून शिकवत नाहीत" यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण या वाक्याने पालकांचं सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९चा, तो लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. त्या कायद्याने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवणं बंद केलं. पुढे २०१९मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि आपल्या राज्यात २०२३-२४पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. त्यात कमी पडलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन आणि पुन्हा परीक्षेची संधी मिळते, तरीही जमलं नाही तर ते त्या वर्गात राहू शकतं. म्हणजे पहिली ते चौथी तुमचा मुलगा पुढे पुढे जाणार हे खरं. पण त्याची तपासणी होत नाही, हे खोटं. ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाचा वाटा ७० टक्के आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचा, ३० टक्के. तिसरी-चौथीला तेच ६० आणि ४०. नव्या अभ्यासक्रमाबरोबर समग्र प्रगतिपत्रक येतं आहे, त्याचा रोखही हाच आहे.

आकारिक म्हणजे काय, ते प्रत्यक्षच सांगते. पहिलीचा वर्ग. बाईंनी प्रत्येक मुलाच्या पुढ्यात मूठभर चिंचोके टाकले आणि दहा-दहाचे गट करायला सांगितले. एक मुलगी चिंचोके भराभर सरकवते, ढीग करते आणि "झालं" म्हणते. तिच्या एका गटात नऊच आहेत. शेजारचा मुलगा हळू आहे, प्रत्येक चिंचोका बोटाने दाबून पुढे नेतो, शेवटी तीन उरतात तेव्हा गोंधळतो, पुन्हा पहिल्यापासून मोजतो, आणि मग म्हणतो, "बाई, हे तीन सुट्टे." बाई वहीत त्याच्या नावापुढे लिहितात : 'दहाचे गट करतो. उरलेले सुट्टे ओळखतो. घाई करत नाही.' मुलीच्या नावापुढे : 'गट करते, मोजून खात्री करत नाही.' ही झाली परीक्षा. मुलांना कळलंही नाही. महिन्याभराने बाई त्या मुलीला पुन्हा चिंचोके देतील आणि या वेळी म्हणतील, "आता मला मोजून दाखव." अशी निरीक्षणं, तोंडी काम, कृती, छोट्या चाचण्या मिळून ती श्रेणी बनते. ९१ ते १०० टक्के अ-१, ८१ ते ९० अ-२, मग ब-१ आणि तसं खाली.

म्हणून प्रगतिपुस्तक हातात आलं की आधी श्रेणी बघू नका. वर्णनात्मक नोंदी वाचा. त्या सगळ्या मुलांच्या सारख्याच असल्या, 'अभ्यासात प्रगती चांगली' अशा छापाच्या, तर बाईंना आदराने विचारा, "याला नेमकं काय येतं आणि कशात अडतो?" हा प्रश्न आम्हा शिक्षकांना आवडतो असं नाही. पण ज्या मुलाची आई हा प्रश्न विचारते, त्या मुलाकडे आपलं लक्ष आपोआप जास्त जातं, हे मी स्वतःवरून सांगते. आणि एक मुक्काम डोक्यात ठेवा : तिसरीच्या शेवटी मुलाला समजून वाचता यावं आणि साधे हिशेब करता यावेत, हे निपुण भारत या २०२१च्या मोहिमेचं उद्दिष्ट आहे. दुसरीच्या दिवाळीपर्यंत मुलगा जोडाक्षरांशिवायचा साधा उतारा अडखळत का होईना वाचत नसेल, तर वाट बघत बसू नका. "पुढच्या वर्षी येईल" हे उत्तर तेव्हा स्वीकारू नका. शिकवणीबद्दलही सांगून ठेवते. शाळेतल्या शिक्षकाने खासगी शिकवणी घेणं शिक्षण हक्क कायद्याने बंद आहे, तेव्हा "बाईंची शिकवणी लावली की बरं" या सल्ल्याच्या नादी लागू नका.

आधार कार्डाचे निरोप का येतात? शाळेला किती शिक्षक मिळणार हे दरवर्षी संचमान्यतेत ठरतं. पहिली ते पाचवीसाठी कायद्यातलं प्रमाण ३० मुलांमागे १ शिक्षक असं आहे, आणि ते एका तुकडीवर नाही, शाळेच्या पटावर मोजतात. पट धरतात ३० सप्टेंबरचा, आणि अलीकडे ज्या मुलाचं आधार जुळतं तेच त्यात मोजतात. पाच-सहा मुलांची आधार जुळली नाहीत आणि एक शिक्षक कमी झाला, असं घडतं. मग दोन वर्ग एका बाईंकडे जातात. त्यामुळे क्लार्कचा सूर कितीही कंटाळलेला असला तरी त्या निरोपामागे तुमच्याच मुलाच्या बाई शाळेत टिकाव्यात ही धडपड असते. आधार नाही म्हणून प्रवेश मात्र नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८मध्ये ते स्पष्ट केलं आहे. कार्डावरचं नाव आणि जनरल रजिस्टरमधलं नाव एक असलं म्हणजे काम झालं. वडिलांचं नाव दुरुस्त करताना हेही बघून घ्या.

बाई वर्गात नाहीत, दुसऱ्याच बाई आल्यात, असं कधी कळलं तर लगेच शाळेवर चिडू नका. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतलं मदतकार्य यांसाठी शिक्षकांना कामाला लावता येतं, तशी कायद्यातच तरतूद आहे. त्या काळात प्राथमिकच्या वर्गांची जी आबाळ होते, तिचं मला आजही वाईट वाटतं. वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं व्हायला हवं, असा पहिली ते पाचवीचा नियम आहे. पालक म्हणून तुम्ही हा आकडा सभेत विचारू शकता.

पैशाचं. शिक्षण हक्क कायद्याच्या १३व्या कलमाने प्रवेशासाठी देणगी घेणं आणि मुलाची किंवा आईवडिलांची मुलाखत घेणं, दोन्ही बंद केलं. देणगी घेतल्याचं सिद्ध झालं तर तिच्या दहापटीपर्यंत दंड आहे. 'इमारत निधी' हे नाव ठेवलं म्हणून ती देणगी नसते असं होत नाही. खुशीने दिलेली देणगी वेगळी, पण तीही पावतीशिवाय कोणी घेऊ नये. आता तुम्ही काय करायचं? भांडायला जाऊ नका. मुख्याध्यापिकांच्या नावे चार ओळींचा अर्ज लिहा : अमुक तारखेला, ऑफिसात, प्रवेशाच्या वेळी ३,००० रुपये भरले, त्याची पावती मिळावी आणि ही रक्कम कोणत्या कारणासाठी घेतली ते कळवावं. बस. त्या अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर शाळेचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. याला पोहोच म्हणतात. शाळेत आलेला प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढतो आणि चढलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं. तोंडी तक्रार हवेत विरते. माझ्या टेबलावर पोहोच घेतलेला अर्ज आला की तो मी त्याच दिवशी वाचायची, हे तुम्हाला प्रामाणिकपणे सांगते.

"तक्रार केली तर पोरावर राग काढतात." असं कधीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. मी एकदा ते पाहिलं आहे. एका आईने वहीतली, चुकीची असूनही बाईंनी बरोबर म्हणून तपासलेली बेरीज दाखवली, आणि पुढचा आठवडाभर तिच्या मुलीला त्या वर्गात "तुझ्या आईला विचार" हे ऐकावं लागलं. मुलगी शाळेत यायलाच तयार होईना. मी तेव्हा साधी शिक्षिका होते आणि शेजारच्या वर्गात असून गप्प राहिले. ते गप्प राहणं मला अजून टोचतं. आज मी तुम्हाला सांगेन की मुलाला मारणं आणि टोमणे मारून, अपमान करून त्याचा मानसिक छळ करणं, दोन्ही शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने बंद आहे. अशा गोष्टीत तारीख, वेळ, नेमके शब्द लिहून ठेवा आणि थेट मुख्याध्यापिकांकडे जा. तिथे दाद लागली नाही तर महापालिकेच्या शिक्षण विभागात वॉर्डाचे प्रशासकीय अधिकारी (शाळा) असतात. भांडुप एस विभागात येतं. आणि मुलाच्या अंगाला कोणी नको तसा हात लावला, धमकावलं, असं काही कानावर आलं तर या पायऱ्या चढत बसू नका. पोलिसांकडे जा, किंवा १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा, दिवसरात्र केव्हाही. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते, तिच्यात कोण आहे हे आधीच विचारून ठेवा.

बाकीच्या तक्रारींसाठी मात्र पायरी चुकवू नका. बेंचवर जागा बदलली, पाण्याची बाटली हरवली, गृहपाठ जास्त, हे सगळं वर्गशिक्षिकेपाशीच सुटतं. तेवढ्यासाठी थेट वरच्या ऑफिसात अर्ज गेला की बाईंना वाटतं, मला एकदा विचारायचं तरी. त्यांचंही खरं असतं.

शाळेत पालकांची शाळा व्यवस्थापन समिती असते. ती नुसती नावाला असते असं गेटवर म्हणतात, ते अर्धं खरं आहे. समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका हव्यात. महापालिकेच्या शाळेत ही समिती शाळेचा विकास आराखडा करते, पैशाच्या वापरावर लक्ष ठेवते. तुमच्यासारख्या अनुदानित शाळेत शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीने तिचं काम सल्ला देण्यापुरतं ठेवलं आहे. पण सल्ला इतिवृत्तात लिहिला जातो. माझ्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती. आम्हा शिक्षकांना रोज दिसत होतं आणि दिसेनासं झालं होतं. समितीतल्या एका आईने, ती भायखळ्याच्या बाजारात भाजी विकायची, बैठकीत उभं राहून सांगितलं, "माझी पोर दिवसभर शाळेत पाणी पीत नाही." एवढंच बोलली आणि बसली. चौथ्या दिवशी कड्या लागल्या. यंदा समितीसाठी पालकांना विचारतील तेव्हा हात वर करा. महिन्यातली एखादी दुपार जाईल, पण वॉचमन तुम्हाला नावाने ओळखू लागेल.

आणि पावसाचं. हे मी प्रत्येक मुंबईकर पालकाला सांगते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी संध्याकाळी माझ्या वर्गातली अकरा मुलं शाळेतच होती. रात्री दहाच्या सुमाराला कमरेएवढ्या पाण्यातून एक माणूस आला, म्हणाला, मी अमुकचा काका. मुलगा झोपेत होता, मला त्या माणसाची ओळख नव्हती, फोन बंद. मी मुलाला दिलं नाही. तो माणूस रागावला, मग जिन्यात बसून राहिला. पहाटे वडील आले तेव्हा कळलं, काकाच होता. त्यांनी रागावू नये म्हणून मी हात जोडले, तर वडिलांनीच माझे हात धरले. त्या रात्री कॅटलॉगच्या, म्हणजे हजेरीपटाच्या, मागच्या पानावर मी कोणाला कोण घेऊन गेलं ते सहीनिशी लिहीत होते. तुमच्या शाळेत मुलाला न्यायला येऊ शकणाऱ्या माणसांची यादी आहे का? नसेल तर तुम्ही स्वतः कागदावर द्या, दोन-तीन नावं, नातं, नंबर. मोबाइल नंबर बदलला की त्याच दिवशी शाळेला कळवा. अतिवृष्टीची सुट्टी महापालिका जाहीर करते. ग्रुपवर फिरणारा जुना मेसेज वाचून मुलाला घरी ठेवू नका आणि खरा आदेश आल्यावर पाठवूही नका.

राहिला डबा. तुम्ही तो पत्राच्या शेवटी लिहिलात, आणि मला वाटतं त्याची काळजी तुम्हाला सगळ्यात जास्त आहे. अनुदानित शाळेत पहिली ते आठवीच्या मुलांना मधल्या सुट्टीत शिजवलेला पोषण आहार मिळतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं त्याचं माप आहे, म्हणजे लहान पोटाला ते चांगलंच जेवण झालं. मुलगा आधी मित्रांबरोबर खिचडी खात असेल आणि मग तुमची पोळीभाजी जाईल तेवढी. त्याला "डबा का नाही संपवलास" असं विचारू नका, तो परत "काय नाय" म्हणेल. "आज खिचडीत मटकी होती की वाटाणे?" असं विचारा. तो सांगेल. मग कोणाशेजारी बसला, कोणी सांडलं, मावशी काय म्हणाल्या, तेही त्यामागून येईल. वाढण्याआधी तो आहार मोठ्या माणसांनी चाखून बघायचा असतो. बाईंना विचारून एखाद्या शनिवारी तुम्हीही जा आणि चव घ्या. आवडली आणि तो पोटभर खातो असं दिसलं, तर डब्यात दोन पोळ्यांऐवजी एकच द्या, आणि बरोबर एक केळं.